एकेचाळीस इंजिनं, पाच दिवस

टाकळझरा, जि. अहमदनगर
९ ऑक्टोबर १९७१

नारायणा, रामराम.

नव्या विहिरीला एकंदर काय लागलं, असं तू मागच्या कार्डात विचारलंस. लिहून घे. साडेआठ महिने. सुरुंगाचे एकशे साठ बार. सात पहारी, त्यातल्या दोन इतक्या झिजल्या की गोजरबाईनं लोहाराकडून त्यांची उलथणी करून घेतली. दगड वर ओढायच्या यारीचा दोर तीनदा तुटला. मच्छिंद्राच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तो म्हणतो, तळहात शाबूत आहे तोवर तंबाखू मळायची अडचण नाही. गोजरबाईच्या पाटल्या गेल्या, त्याबद्दल ती काही म्हणत नाही, हे जास्त वाईट. आणि साडेआठ महिने सासऱ्यांचं बोलणं ऐकलं, त्याचा भाव मला ठरवता येत नाही.

एवढं देऊन अकरा परस, म्हणजे अकरा पुरुष खोल गेल्यावर झरा फुटला. काळा पाषाण संपून मुरूम लागायच्या आधी मी पहार आपटून कान लावला होता, आणि टोळीला म्हणालो, गड्यांनो, आता चार बार. चौथ्या बाराला पाणी. चौथीत तू पहिला आलास आणि मी शाळा सोडून दुसऱ्याच्या विहिरीवर दगड वाहायला लागलो, तेव्हा गुरुजी म्हणजे तुझे वडील म्हणाले होते, याचं डोकं नाही पण कान चांगले आहेत. त्या कानांवरच आज बावीस माणसांची टोळी जेवते.

माझं धरून गावात आता एकेचाळीस इंजिनं झाली. सकाळी अंगणात बसलो की आवाजावरून सांगतो, हे मच्छिंद्राचं, हे आप्पासाहेबांचं, याच्या पट्ट्याला मेण लावायला झालंय.

आता कामाचं. वरच्या वाडीचे आबासाहेब तुला माहीत आहेत. ते नियोजित साखर कारखान्याचे चेअरमन झाले. श्रीरामपूरकडं कालव्याच्या पाण्यावर लोकांनी माड्या बांधल्या, आपण काय पाप केलं, असं ते म्हणतात आणि खोटं म्हणत नाहीत. पण आपल्याकडं कालवा नाही. ऊस पाहिजे तर विहिरी पाहिजेत, विहिरींना बँकेचं कर्ज पाहिजे, आणि बँकेला तुझ्या कचेरीचा कागद पाहिजे की टाकळझऱ्याच्या जमिनीत पाणी आहे. तुमचे लोक आपल्या बारवेतच दोर सोडून मोजतात ना? काठावर पांढऱ्या रंगाची खूण करून गेलेत.

तर यंदा तुमचा माणूस कधी येणार, तेवढं कळव. पाहुण्याच्या जेवणाचं बघायला नको का?

तुझा
सहादेव

*

पुणे
१८ ऑक्टोबर १९७१

प्रिय सहादेव,

सप्रेम नमस्कार. विहिरीचा हिशोब वाचून सुनीती हसली, पण पाटल्यांपाशी तिनं पत्र खाली ठेवलं. गोजरवहिनींना तिचा नमस्कार सांग.

आमच्याकडचा सुमंत नावाचा मुलगा ३ नोव्हेंबरला, बुधवारी येईल. नवीन आहे, प्रामाणिक आहे, चहात साखर घेत नाही. तुमच्याकडे त्याचे हाल आहेत. त्याचं काम अर्ध्या तासाचं. बारवेच्या काठावरच्या खुणेपासून पाण्यापर्यंत किती अंतर, ते फितीनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. ओढ्याच्या दोन्ही काठांना आमच्या अशा बारा विहिरी आहेत. त्यांचे आकडे माझ्या टेबलावर येतात आणि मी तक्ता करतो. त्यावरून वरिष्ठ ठरवतात, कुठल्या गावाला आणखी विहिरी सोसतील.

बारव आमच्या यादीत कशी आली ते तुला सांगितलं नव्हतं. नाव मीच सुचवलं. सगळं गाव तिचं पाणी पितं, तेव्हा तिची नाडी वर्षातून चारदा कुणीतरी बघावी, एवढाच हेतू.

तारीख तुला मित्र म्हणून कळवली. सुमंतला जेवू घाला, पण पाणी जसं असेल तसं बघू द्या.

तुझा
नारायण

*

पुणे
११ डिसेंबर १९७१

प्रिय सहादेव,

सुमंत येऊन गेल्यावर तुझं पत्र येईल असं वाटलं होतं. तो तुमच्या पाहुणचाराचं फार कौतुक करतो. भरल्या वांग्यांचं नाव काढतो.

आज तक्ता पुरा केला. एक गोष्ट उलगडत नाही म्हणून लिहितो. सप्टेंबरच्या मोजणीपेक्षा ओढ्याकाठच्या अकरा विहिरी परस-दीड परस खाली गेल्या. यंदा पाऊस कमी, ते समजण्यासारखं आहे. एकटी आपली बारव दोन परस वर आली आहे.

परतीचा पाऊस फक्त आपल्याच गावावर पडला का? सुमंतनं आकडा चुकीचा लिहिला म्हणावं, तर तो म्हणतो त्यानं तीनदा मोजलं. जाताना त्यानं एक गोष्ट सांगितली. म्हणाला, इतकं शांत गाव पाहिलं नाही.

तुझे कान जागे असतात. काय झालं ते तुला ठाऊक असणार.

तुझा
नारायण

*

टाकळझरा
१६ जानेवारी १९७२

नारायणा, रामराम.

उत्तराला उशीर झाला, कारण कामाला उसंत नाही. एक्कावन्न विहिरींना कर्ज मंजूर झालं. त्यातल्या चाळीस माझ्याकडं. श्रीरामपूरहून जुना कॉम्प्रेसर आणला, आता हातानं भोकं पाडायची नाहीत. टोळी बावीसची साठ झाली. कारखान्याचा शेअर घेतला त्यानं निदान अर्धा एकर ऊस लावायचा असं ठरलंय, त्यामुळं जो तो खाली कान लावायला मला बोलावतो. आप्पासाहेबांनी तर माझ्यासाठी जीप पाठवली. याच आप्पासाहेबांच्या बांधावर मी अनवाणी दगड वाहिलेत.

बारवेचं विचारलंस. आधी ठरवलं होतं की जमिनीची माया म्हणून सोडून द्यावं. पण तू गुरुजींचा मुलगा, आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट कुणाला सांगितल्याशिवाय मला चैनही पडत नाही. पत्र वाचून चुलीत घाल.

तुझी तारीख आली त्या संध्याकाळी मी खंडोबाच्या देवळात गाव गोळा केलं. म्हणालो, बुधवारी पाहुणा बारव बघायला येतोय. पोरगी दाखवायची तर तिला आठ दिवस उन्हात ठेवतो का आपण? शुक्रवारी सांजेपासून बुधवारी तो जाईपर्यंत एकानंही इंजिनाला हात लावायचा नाही. मच्छिंद्र म्हणाला, "कांदं वाळत्याल की रं." मी म्हणालो, "पाच दिवसांत कांदा मरत नाही. कर्ज मात्र परत जाईल." मग एकेकानं पुढं येऊन देवापुढचा बेल-भंडारा उचलला. आबासाहेबांनी सगळ्यांत आधी. एकेचाळीस माणसं, एकेचाळीस शपथा.

आणि नारायणा, पाळली. आपल्या गावात दोन भावांचं बांधावरून पटत नाही, आणि एकेचाळीस इंजिनं पाच दिवस गप्प. दुपारच्याला ओढ्यापलीकडं गुराख्यानं घातलेली शीळ चावडीत ऐकू येत होती. कांद्यांनी माना टाकल्या, पण कुणी चुकला नाही. बारव बघ, दर दिसाला दीड-दोन हात वर. म्हातारी राहीबाई रोज घागर बुडवताना म्हणायची, "कालच्यापरीस आज कमी वाकावं लागलं."

चेअरमनचं वजन म्हणतात ते असतं, पण माझ्या एका शब्दावर एकेचाळीस इंजिनं बंद होतात हे आबासाहेबांनीही बघितलं. मला संचालक मंडळात घ्यायचं चाललंय.

गोजरबाई म्हणते, आता पाटल्या नकोत, तोडे करा.

तुझा
सहादेव

*

पुणे
२ मार्च १९७२

प्रिय सहादेव,

पत्र चुलीत घातलं नाही. तीन वेळा वाचलं. पहिल्या वाचनाला हसू आलं, हे कबूल करतो.

तू त्या आकड्याकडे बघून म्हणतोस, केवढं पाणी. मी त्याच आकड्याचा उलटा अर्थ लावतो. पाच दिवस ओढणं थांबलं तर बारव दोन परस चढली. म्हणजे एकेचाळीस इंजिनं तिच्या पोटातून किती ओढत होती ते बघ. आपल्या शिवारात पडणाऱ्या पावसातलं मुरतं किती, त्याची मोजदाद मी घरी बसून केली. बऱ्या पावसाच्या वर्षी पस्तीस इंजिनांपुरतं भरतं. तुम्ही आधीच सहा जास्त होतात. आता ब्याण्णव होणार. विहीर तू कुणाच्याही रानात खोद, खाली भांडं एकच आहे आणि बारव त्याच भांड्यात आहे.

आता माझं सांगतो. डिसेंबरमध्ये तो आकडा खटकला तेव्हा त्याच्याभोवती मी पेन्सिलनं गोल केला. पेन खिशात होतं. पेननं शेरा मारला असता तर फेरमोजणी करावी लागली असती, आणि ते कागद लवकर हवेत असा दोनदा निरोप आला होता. माझ्या बढतीची यादीही त्याच आठवड्यात होती. मी पेन्सिल घेतली. कागद पुढे गेला तेव्हा कुणीतरी गोल खोडला होता. मीही पुन्हा विचारलं नाही.

अजून हातातून गेलेलं नाही. तू मला चार ओळी लिहून दे. इंजिनं बंद ठेवली होती, एवढंच. खाली सही कर. मी ते फाईलला लावीन, कर्जं थांबतील, आणि फेरमोजणी होईल. माझी बढती गेली तर जाऊ दे.

तुझ्या चाळीस विहिरी जातील हे मला कळतं. तरी मागतो आहे.

नारायण

*

टाकळझरा
२० एप्रिल १९७२

नारायणा,

तुझ्या पत्राला दीड महिना उत्तर लिहिलं नाही. दोनदा कागद घेऊन बसलो होतो. एकदा चार ओळी लिहिल्याही.

सही करायच्या आधी म्हणलं, आबासाहेबांच्या कानावर घालावं. चोरून करायची माझी रीत नाही. ते ओसरीवर दाढी करून घेत होते. मी पस्तिसाचा आणि ब्याण्णवाचा तुझा हिशोब सांगितला. गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. न्हाव्याला म्हणाले, तू जरा थांब.

मला म्हणाले, "कोण म्हणतो हे? गुरुजींचा नारायण? हुशार पोरगा. बरोबरच असंल त्याचं."

मी म्हणालो, "मग?"

"मग काय? समज, मी कारखाना सोडला. पलीकडचे बसलेतच अर्ज घेऊन. त्यांचा झाला की त्यांची माणसं आपल्याच लोकांना शेअर विकतील, ऊस लावायला लावतील, विहिरी खोदतील. पाणी आपलंच जाणार, चिमणी तेवढी त्यांच्या गावात. तू नाही खोदल्यास तर नगरचा ठेकेदार खोदील. त्याला निदान तुझ्यासारखं ऐकू तरी येतं का?"

मी म्हणालो, "बारव आटली तर?"

त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. म्हणाले, "सहादेव, मलाबी भ्या वाटतं. पण निवडून आलोय ते भ्या वाटतं म्हणून नव्हं. लोकांनी ऊस मागितला." आणि न्हाव्याला हाक मारली.

माणूस खोटं बोलला असता तर मला बरं झालं असतं. मी घरी आलो. अंगणात साठ माणसं हजेरीला उभी होती. मच्छिंद्र तुटक्या बोटांनी चिलीम भरत होता, त्यानं परवाच मुलीचं लग्न ठरवलंय. कागद खिशातच राहिला. पुढं तो धुण्यात गेला.

पुढच्या महिन्यात मी संचालक होतोय. तू म्हणशील, हाही त्यांच्यातलाच झाला. पाऊस बरा पडला तर तुझा हिशोब चुकेल. तुझा हिशोब चुकावा अशी मी खंडोबाला कधी नव्हे ती प्रार्थना केली.

सहादेव

*

पुणे
२५ नोव्हेंबर १९७२

प्रिय सहादेव,

जूनपासून चार कार्डं टाकली, एकाचंही उत्तर नाही. वर्तमानपत्रांतून जिल्ह्याचं वाचतो. लोक खडी फोडायला रस्त्यावर आले, गुरं छावणीला गेली. आपल्या गावाचं नाव कुठे दिसत नाही, म्हणून आधी बरं वाटलं.

आता कळलं, नाव का नाही ते. पिण्याच्या पाण्याची टाकी कुठल्या गावांना पाठवायची, त्याची यादी आमच्या आकड्यांवरून होते आहे. अकरा विहिरींची गावं यादीत आहेत. टाकळझरा नाही. सुमंतची बदली झाली, त्यामुळे या वर्षी आमच्या बाराही विहिरींची मोजणी झालीच नाही, आणि शेवटचा आकडा गेल्या नोव्हेंबरचाच आहे. कागदावर आपली बारव भरलेली आहे.

मी साहेबांकडे गेलो. त्यांना सांगितलं, हा आकडा खरा नाही. ते म्हणाले, "पुरावा?" मी म्हणालो, मी त्या गावचा आहे. ते म्हणाले, "म्हणूनच विचारतो. आपल्या गावाला टाकी मिळावी असं प्रत्येकाला वाटतं." मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "नारायणराव, आकडा वर गेलाय. त्याच्यावर कर्जं झालीत. तो आता खाली कसा आणायचा?"

बढती मला मिळाली. तुला कळवायचं राहून गेलं.

आमच्या हातात काही नाही. तुमच्या हातात एक आहे आणि ते तुम्ही करून दाखवलंय. इंजिनं बंद करा. पाच दिवस बंद, दोन दिवस चालू, असं उन्हाळ्यापर्यंत रेटलं तर बारव प्यायला पुरेल. उसावर पाणी सोडावं लागेल. ज्या गावानं एकदा एवढं पाळलं, त्याला ते पुन्हा जमेल.

बारवेत पाणी किती आहे, खरं लिही.

नारायण

*

टाकळझरा
१७ डिसेंबर १९७२

नारायणा, रामराम.

खरं लिहितो. गेल्या पौषात पायऱ्या उतरून घागर बुडायची. आता खालच्या पायरीवर बसून वाटीनं पाणी गोळा करतात. एका घागरीला पाऊण तास. नंबर लावलेत. परवा गोजरबाई नंबर सोडून आली आणि माझ्यापुढं रिकामी कळशी ठेवून म्हणाली, "चाळीस विहिरी खोदल्या तुमी. मी वाटीनं पानी भरतीय." तोड्यांचं आता काढत नाही.

तुझं पत्र घेऊन मी पुन्हा खंडोबाच्या देवळात गाव बोलावलं. वाचून दाखवलं. पाच दिवस बंद, दोन दिवस चालू. मागच्या वेळेपेक्षा माणसं दुप्पट होती, कारण इंजिनं दुप्पट. भंडाऱ्याची वाटी मध्ये ठेवली.

कुणी उठेना. मी म्हणालो, "मागं तर सगळ्यांनी उचलला होता."

राहीबाई खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "त्या येळंला सायबाला दावायचं हुतं. आता कुनाला दावायचं?"

लोक हसले. मग मच्छिंद्र उठला. म्हणाला, "सहादू, माझा ऊस अकरा म्हैन्याचा हाय. त्येला चार पाण्यांची गरज. कर्ज त्या उसावर काढलंय. मी आज भंडारा उचलतो, न्हाई असं न्हाई. पर वरल्या अंगाच्या दौलतनं न्हाई पाळलं, तर माझ्या हिरीचं पानी त्येच्या उसात जाणार. मग मी काय करू, बोटं मोजू? ती बी आठच हायत."

दौलत म्हणाला, "मीबी उचलतो. पर आदी आबासायबांनी."

आबासाहेब मुंबईला होते. त्यांचा माणूस आला होता, तो म्हणाला, "सायबांचा निरोप हाय, सगळं गाव बंद करील त्या दिशी आपली दोन्ही बंद." मग सगळं गाव त्याच्याकडं बघायला लागलं आणि तो गावाकडं.

मी वाटी उचलून एकेकापुढं नेली. माणसं हात मागं घेत होती. एक म्हातारा मला हळूच म्हणाला, "लेका, जे पाळायचं ठाऊक असतंय त्येचीच शपथ घ्यावी. देवाला कशाला गोत्यात आणतोस?" तो खोटारडा नाही. मागच्या वेळी पाच दिवसांनी सुटका होती आणि पुढं कर्ज होतं. या वेळेला शेवट कधी ते कुणाला ठाऊक नाही, आणि पुढ्यात नुसती बारव आहे. ती सगळ्यांची.

वाटी तशीच परत ठेवली.

तू मार्चमध्ये मागितल्या होत्यास त्या चार ओळी सोबत जोडल्या आहेत. खाली सही आहे. संचालक म्हणून केलेली नाही, सहादेव म्हणून केली आहे. साक्षीला गोजरबाईचा अंगठा. आता उपयोग असेल तर बघ.

सहादेव

*

पुणे
८ फेब्रुवारी १९७३

प्रिय सहादेव,

तुझ्या चार ओळी दुसऱ्याच दिवशी शेरा मारून साहेबांपुढे ठेवल्या. पेननं.

पंधरा दिवस त्या टेबलावर होत्या. मग मला आत बोलावलं. साहेब म्हणाले, हे मान्य केलं तर आकडा रद्द होतो. आकडा रद्द झाला तर एक्कावन्न कर्जं ज्या कागदावर दिली तो कागद खोटा ठरतो आणि बँक एका हप्त्यात सगळं मागेल. तुमच्या गावाला टाकी पाहिजे की जप्ती पाहिजे, ते विचारून या. मी म्हणालो, दोन्ही नको, फक्त फेरमोजणी करा. ते म्हणाले, एप्रिलच्या फेरीत होईल. २ एप्रिलला माणूस जाईल. तोवर कागद कपाटात.

मी नोकरी सोडायचं ठरवून घरी आलो. सुनीतीनं विचारलं, सोडून बारवेत पाणी येईल का? मी दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो.

म्हणजे अजून त्रेपन्न दिवस. मी दोन वेळा गणित केलं. तुमच्यातली अर्धी इंजिनं जरी थांबली तरी बारवेला तेवढं पाणी राहील. भंडारा नको, शपथ नको. तू एकेकाच्या घरी जा. तुझं ऐकतात.

दुसरं काही सुचत नाही. सुचलं असतं तर लिहिलं असतं.

नारायण

*

टाकळझरा
१२ मार्च १९७३

नारायणा, रामराम.

राहीबाई बारवेच्या पायऱ्यांवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नगरला नेली आहे. मी घरोघर हिंडायला लागलो ते त्या दिवसापासून. शपथ मागितली नाही. म्हणालो, फक्त एक रविवार. ११ तारखेला, सकाळपासून सांजेपर्यंत. एक दिवस जमला तर पुढचा बघू. ज्यांना ज्यांना भेटलो त्यांनी मान हलवली. दौलत म्हणाला, बघतो. आबासाहेब आले होते, त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, तू म्हणशील तसं. कारखान्याच्या पायाचं काम बंद आहे, कारण सिमेंट कालवायला पाणी नाही. हे त्यांनीच मला हसत सांगितलं. डोळे हसत नव्हते.

काल रविवार. मी उजाडताच बारवेच्या काठावर जाऊन बसलो. तुमच्या पांढऱ्या खुणेला पाठ टेकून. मला इंजिनं ओळखायला बघावं लागत नाही, हे तुला माहीत आहे. डोळे मिटून मोजायला लागलो. आबासाहेबांची दोन्ही चालू होती. दौलतचं चालू. मच्छिंद्राचं चालू, पट्टा सैल. एकतीस मोजली. पुन्हा मोजली, एकतीसच.

गावात ब्याण्णव आहेत. म्हणजे एकसष्ट बंद. नारायणा, मला रडू आलं. तू अर्धी म्हणाला होतास, हे अर्ध्यापेक्षा जास्त झालं. म्हणलं, शपथेशिवाय एकसष्ट माणसांनी ऐकलं. तिथंच बसून तुला पत्र लिहायला घेतलं होतं. त्यात जे लिहिलं होतं ते आता लिहीत नाही, तो कागद फाडला.

दुपारच्याला वाटलं, ज्यांनी पाळलं त्यांच्या रानात जाऊन प्रत्येकाला रामराम करावा. आप्पासाहेबांपासून सुरुवात केली. रानात कुणी नव्हतं. इंजिनावर गोणपाट टाकलेलं, त्यावर आठ दिवसांची धूळ. मी काठावर जाऊन खाली वाकलो. मग पुढच्या विहिरीवर गेलो, मग त्याच्या पुढच्या. सांजेपर्यंत हिंडत होतो. बहुतेक मीच खोदलेल्या, वाट विचारावी लागली नाही.

एकसष्ट विहिरी बघितल्या. माझी धरून. एकीतही पाणी नाही.

सहादेव